पाणी उडून जातं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



शिक्षणक्षेत्रात काम केलेल्या एका व्यक्तीविषयी बोला, असे मला सांगण्यात आले तेव्हा समोरच्यांची अपेक्षा बहुधा अशी असावी, की मी भाषेच्या एखाद्या प्राध्यापकाविषयी बोलेन. कविता लिहिणारा माणूस दुसरे काय बोलणार? पण मी आज बोलणार आहे एका भौतिकशास्त्रज्ञाविषयी. प्रा. व्ही. जी. कुलकर्णी हे त्यांचे नाव. मी त्यांना कधी भेटलो नाही. विज्ञानात मला जेमतेम पास होण्यापुरते गुण मिळायचे आणि पुढे मी बी. ए.ला गेलो, त्यात विज्ञानाच्या भीतीचा वाटा मराठीच्या प्रेमाइतकाच मोठा होता. तरीही हा माणूस माझा वाटतो. तो का, हे सांगण्यासाठी आधी माझ्या वर्गात जावे लागेल.

१९८२ साली मी धुळ्यात मराठी शाळेत आठवीत होतो. विज्ञानाच्या तासाला सरांनी विचारले, 'बाष्पीभवन म्हणजे काय?' दोन-तीन मुले उभी राहून गप्प बसली. माझी पाळी आली. मी म्हणालो, 'सर, पाणी उडून जातं.' वर्ग हसला. सरही हसले आणि म्हणाले, 'पाणी काय चिमणी आहे का रे, उडून जायला?' मग त्यांनी व्याख्या फळ्यावर लिहिली आणि मला ती दहा वेळा वहीत उतरवून आणायला सांगितली. मी उतरवली. दहाव्या वेळेलाही मला तिचा अर्थ कळलेला नव्हता. सरांविषयी माझ्या मनात राग नाही. त्यांनाही ती व्याख्या अशीच कोणीतरी उतरवायला लावली असणार.

आता गंमत अशी, की त्या घटनेबद्दल मला वर्गातल्या कोणाहीपेक्षा जास्त माहिती होती. आमच्या घरी माग होते. अब्बा सकाळपासून रात्रीपर्यंत त्या खडखडाटात उभे असत. खान्देशातला एप्रिल-मे तुम्हाला ठाऊक आहे. हवा भाजून निघते. अशा कोरड्या हवेत सुताचा धागा ठिसूळ होतो आणि ताण्याचे धागे पटापट तुटू लागतात. धागा तुटला की माग थांबवायचा, गाठ मारायची, पुन्हा चालू करायचा. माग थांबला की मीटर कमी, मीटर कमी की मजुरी कमी. म्हणून उन्हाळ्यात दर तासा-दोन तासांनी जमिनीवर पाणी मारायचे, खिडक्यांना ओली पोती लटकवायची. बादल्या ओढायचे काम माझे. दुपारी बाराला मारलेले पाणी एकच्या आत नाहीसे होई आणि पावसाळ्यात तेच पाणी संध्याकाळपर्यंत जागचे हलत नसे. अम्मा बघून म्हणायची, 'पानी उड गया, और मार.' बाष्पीभवनाचा वेग कशाकशावर अवलंबून असतो, हे माझ्या मनगटांना पाठ होते. पण वर्गात मी ढ ठरलो.

माझा चुलतभाऊ उर्दू शाळेत होता. मी त्याला विचारले, तुमच्यात या पाणी उडण्याला काय म्हणतात? तो ताठ उभा राहून म्हणाला, 'अमल-ए-तबखीर.' म्हणजे काय? त्याने लगेच व्याख्या म्हणून दाखवली, माझ्यापेक्षा न अडखळता. अर्थ त्यालाही सांगता आला नाही. मी मराठीत घोकत होतो आणि तो उर्दूत घोकत होता. लोक म्हणत, मुलांना मातृभाषेत शिकवा म्हणजे सगळे कळेल. त्याची तर घरची भाषाच उर्दू म्हणवली जायची! पण अम्माची उर्दू आणि पुस्तकाची उर्दू यांच्यात जेवढे अंतर होते, तेवढेच माझ्या गल्लीतल्या मराठीत आणि पाठ्यपुस्तकाच्या मराठीत होते.

पुष्कळ वर्षांनी, शाळा-कॉलेज सगळे मागे पडल्यावर, प्रा. कुलकर्णी यांच्या कामाविषयी वाचायला मिळाले. त्यांनी व्ही. जी. गंभीर यांच्यासह लिहिलेला एक शोधनिबंध १९८१ साली प्रसिद्ध झाला होता. विषय : शिक्षण सर्वांपर्यंत पोहोचण्यात भाषेचा अडसर किती? तारीख पाहून मला हसू आले. माझे जे व्हायचे होते त्याचे निदान आदल्याच वर्षी छापून आलेले होते. ते धुळ्यापर्यंत पोहोचायचे तेवढे राहिले होते.

कुलकर्णी मूळचे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले. होमी भाभांनी १९४५ साली उभारलेली ही संस्था. तिथे काम करणाऱ्या माणसाने आयुष्यभर प्रयोगशाळेत राहिले तरी कोणी नावे ठेवत नाही. पण या संस्थेतल्या काही शास्त्रज्ञांना शाळेकडे बघावेसे वाटले. त्यात प्रा. भा. मा. उदगावकर होते आणि कुलकर्णीही होते. महापालिकेच्या शाळांत त्यांचे येणे-जाणे सुरू झाले. त्यातून १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र निघाले. सर दोराबजी टाटा ट्रस्टने पैशांचे बळ दिले आणि जागा मिळाली ती नाना चौकातल्या महापालिकेच्या एका शाळेत. मला ही जागा फार बोलकी वाटते. शाळेवर संशोधन करायचे तर बिऱ्हाडही शाळेतच. मानखुर्दची आजची प्रशस्त इमारत नंतरची. या केंद्राचे पहिले संचालक कुलकर्णी होते आणि जवळपास दोन दशके त्यांनी ते सांभाळले.

(जाता जाता एक सांगतो. जळगाव-धुळ्यातल्या पालकांना 'होमी भाभा' म्हटले की बाल वैज्ञानिक परीक्षा आठवते. ती परीक्षा मुंबईतल्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेची. हे केंद्र वेगळे. आपल्या नातवाला बक्षीस या केंद्राने दिले, असे मला एका आजोबांनी छातीठोकपणे सांगितले होते. मी वाद घातला नाही.)

केंद्र निघाले तो काळही लक्षात घ्या. कोठारी आयोगाच्या शिफारशींनंतर दहावीपर्यंत विज्ञान आणि गणित सर्वांना सक्तीचे, असे धोरण आले. महाराष्ट्रात नव्या दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली झाली. सक्ती कागदावर एका सहीने होते. पण ज्या घरात आजवर कोणी शाळेची पायरी चढलेले नव्हते, त्या घरचा मुलगाही आता विज्ञान शिकणार होता आणि त्याला शिकवणारा शिक्षक कित्येकदा स्वतःच विज्ञानाचा नव्हता. मुले नापास होऊ लागली की उत्तर तयार असे : 'या पोरांना झेपत नाही.' 'झेपत नाही' हा आपल्याकडचा फार सोयीचा शब्द आहे. त्यात पुस्तकाचा दोष नाही, शाळेचा नाही, सरकारचा नाही. सगळा दोष त्या पोराच्या डोक्याचा.

कुलकर्णींनी या 'झेपत नाही'ची परीक्षा घ्यायचे ठरवले. भौतिकशास्त्रज्ञच तो! एखादे विधान सगळे करतात म्हणून ते खरे, असे तो कसे मानेल? विचार अगदी सरळ होता. मुलाची बुद्धीच कमी असेल, तर पुस्तकाची भाषा बदलून काही फरक पडणार नाही. आणि भाषा बदलल्यावर फरक पडला, तर दोष बुद्धीचा नव्हता. म्हणून विज्ञानाचे तेच धडे सोप्या मराठीत पुन्हा लिहायचे, काही वर्गांना ते द्यायचे, काही वर्गांना नेहमीचे पुस्तक ठेवायचे आणि दोघांची तुलना करायची. मराठी माध्यमाच्या महापालिका शाळांत हे झाले. सोप्या भाषेतल्या धड्यांवर शिकलेल्या मुलांची कामगिरी सुधारली. मला त्याहून महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्या वर्गांतली मुले बोलू लागली, प्रश्न विचारू लागली.

सोपी भाषा म्हटले की मी कवी म्हणून थोडा सावध होतो. खरे सांगायचे तर आधी मला हे पटले नव्हते. भाषा सोपी करा, सोपी करा म्हणत आपण तिला पांगळी करतो, असे माझे मत होते आणि काही बाबतींत अजूनही आहे. पण इथे सोपे करणे म्हणजे काय, ते नीट पाहिले पाहिजे. पुस्तकी थाटाचे एक वाक्य मीच तयार करून सांगतो. 'द्रवाच्या पृष्ठभागावरील कणांना सभोवतालच्या परिसरातून पुरेशी ऊर्जा प्राप्त झाल्यास ते द्रवातून मुक्त होऊन वायुरूप धारण करतात व या क्रियेस बाष्पीभवन असे संबोधले जाते.' आता यातले विज्ञानाचे शब्द कोणते? द्रव, कण, ऊर्जा, वायू, बाष्पीभवन. हे पाच शब्द शिकवलेच पाहिजेत, त्यांना पर्याय नाही. पण प्राप्त होणे, सभोवताल, धारण करणे, संबोधणे यांचा विज्ञानाशी काय संबंध? ही नुसती वाक्याची झूल आहे. पाच ओळखीचे करून घ्यायचे शब्द समजण्याआधी मूल या झुलीतच अडकते. शिवाय वाक्य एवढे लांब, की शेवटाला पोहोचेपर्यंत सुरुवात हातातून सुटते. म्हणजे काढायची ती झूल. शब्द नाही.

हा घोळ केवळ मराठीचा नाही. ऑस्ट्रेलियात पॉल गार्डनर नावाच्या अभ्यासकाने १९७०च्या दशकात इंग्रजीत शिकणाऱ्या मुलांवर असाच अभ्यास केला. विज्ञानाच्या पुस्तकातले साधे, पारिभाषिक नसलेले शब्द आणि दोन वाक्ये जोडणारे शब्द मुलांना किती कळतात, हे त्याने तपासले. ज्यांची घरची भाषा इंग्रजीच, तीही त्यात अडखळत होती. आपल्या पुस्तकांतले तथापि, अन्यथा, परिणामी, यास्तव आठवा. सगळे तर्क या छोट्या शब्दांच्या बिजागऱ्यांवर फिरतात आणि त्या बिजागऱ्या आपल्या अंगणात कोणी वापरत नाही. धुळ्याच्या बाजारात 'तथापि' म्हणून भाव केलेला मी कधी ऐकला नाही.

आता आपल्या खान्देशाकडे येतो. मुंबईच्या शाळांत काम चालू असतानाच, १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात, या केंद्राने ग्रामीण भागासाठी जे काम हाती घेतले ते जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यातल्या खिरोद्याला. 'खिरोदा प्रकल्प' या नावानेच तो विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासकांना माहीत आहे. आपल्याला मात्र माहीत नाही! खिरोदा म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याचे, केळीच्या बागांमधले गाव. स्वातंत्र्यसैनिक धनाजी नाना चौधरी यांचे गाव. पलीकडे फैजपूर, जिथे १९३६ साली खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन झाले. धनाजी नानांचे पुत्र मधुकरराव चौधरी राज्याचे शिक्षणमंत्री होते. जनता शिक्षण मंडळामुळे या गावाला शिक्षणाची एक परंपरा होती. परिसरातल्या शाळांमधले विज्ञान सुधारायचे आणि तेही आहे त्याच शिक्षकांना हाताशी धरून, असे ते काम होते.

या भागातल्या वर्गात किती भाषा बसलेल्या असतात, याची कल्पना मुंबईतल्या माणसाला यावी कशी? एका बाकावर लेवा गणबोली बोलणारा पाटलाचा मुलगा, दुसऱ्यावर तावडी बोलणारा, मागे तडवी भिल्लाचा, भिंतीला टेकून पावरा समाजातला. थोडे पश्चिमेला सरकलात तर अहिराणी. बहिणाबाईंची कविता याच मातीतल्या बोलीतली. आज आपल्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. २०१८ साली ते दिले गेले आणि मला मनापासून आनंद झाला. पण विद्यापीठाला नाव द्यायला जेवढे सोपे, तेवढे तिच्या बोलीतल्या मुलाचे उत्तर विज्ञानाच्या तासाला बरोबर म्हणणे सोपे नाही.

कुलकर्णींचा पुढचा मोठा प्रयोग १९८०च्या सुमारासचा. महापालिकेच्या शाळांतली, अनुसूचित जातींमधली आठवीची मुले निवडायची आणि दहावीपर्यंत त्यांच्यासोबत राहायचे. सुधाकर आगरकर यांनी या कामात कुलकर्णींना साथ दिली. भाषा, आकडेमोडीची सवय, मूळ कल्पना पक्क्या करणे, असे त्याचे स्वरूप होते. ही मुले शालान्त परीक्षेत कितीतरी चांगली चमकली. हुशारी शोधायची असते तशी ती वाढवायचीही असते, हे यातून दिसले. ज्या घरात वाचायला कागद नाही, तिथे मुलाला बोलायची, मोजायची, 'का' विचारायची संधीच मिळालेली नसते. आपण मात्र त्याच्या गप्प बसण्याला मठ्ठपणा म्हणून मोकळे होतो.

एका गोष्टीबद्दल मात्र माझ्या मनात शंका आहे. भुसावळहून इटारसीच्या गाडीत बसलात की पुढे होशंगाबाद लागते, आज त्याचे नाव नर्मदापुरम आहे. तिथे १९७२ साली सोळा शाळांत विज्ञानशिक्षणाचा वेगळाच प्रयोग सुरू झाला. मुलांनी स्वतः प्रयोग करून शिकायचे आणि परीक्षेत पुस्तक उघडून बसायचे. त्यांनी पुस्तक बदलले, तास बदलला, परीक्षा बदलली. टाटा संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा त्यालाही हातभार होता. कुलकर्णींच्या केंद्राने त्या काळात बहुतेक वेळा दुसरी वाट धरली : चालू पाठ्यपुस्तक, चालू परीक्षा, आहे तो शिक्षक. त्यातच काय सुधारता येते ते बघायचे. मला वाटते, अशाने घोकंपट्टीची परीक्षा तशीच राहते आणि मूल तिच्यात थोडे बरे खेळू लागते, इतकेच. पण होशंगाबादचा तो प्रयोग २००२ साली सरकारने बंद केला, हेही तितकेच खरे. मोठे बदलले की सरकार बंद करते, छोटे बदलले की कोणाच्या लक्षात राहत नाही. यातले काय बरे, हे मला ठरवता आलेले नाही.

केंद्राचे काम पुढे वाढले. जयश्री रामदास यांनी मुलांच्या मनात विज्ञानाच्या कल्पना कशा असतात याचा अभ्यास केला आणि प्राथमिक शाळेसाठी 'हलकं-फुलकं विज्ञान' ही पुस्तके केली. ऑलिंपियाडच्या संघांची निवड आणि तयारीही तिथे होते. वर्तमानपत्रांत बातमी येते ती पदकांची. येऊ दे, पदके चांगलीच. पण ज्या प्रश्नापासून ते केंद्र सुरू झाले तो अजून आपल्या शाळांत बसून आहे.

आज तो सेमी-इंग्रजीच्या वेषात आला आहे. बाकी विषय मराठीत, गणित आणि विज्ञान इंग्रजीत. जळगाव-धुळ्यात खेडोपाडी याची मागणी आहे आणि पालकांना मी दोष देत नाही. पुढे सगळे इंग्रजीत असेल तर बापाने काय करावे? माझ्या भाचीला मी विचारले, 'बाष्पीभवन माहीत आहे का?' ती म्हणाली, 'नाही मामू, आम्हाला इव्हॅपोरेशन आहे.' मग इव्हॅपोरेशन म्हणजे काय? तिने डोळे मिटले आणि व्याख्या म्हणून दाखवली. अगदी माझ्या चुलतभावासारखी. चाळीस वर्षांत आमच्या घराने तिसऱ्या भाषेत तीच व्याख्या पाठ केली.

आणि 'बाष्पीभवन' हा शब्द काही वाईट नाही हो! कविता लिहू लागल्यावर मला कळले, की संस्कृतात बाष्प म्हणजे वाफ आणि बाष्प म्हणजे डोळ्यांतले पाणीही. भवन म्हणजे होणे. वाफ होणे, बस. सरांनी तो असा फोडून दाखवला असता आणि म्हणाले असते, 'तुझं पाणी उडून जातं ना, त्यालाच पुस्तकात हे म्हणतात,' तर दहा वेळा उतरवायची गरज नव्हती. चुलतभावाच्या 'तबखीर'मध्येही 'बुखारात', म्हणजे वाफाच बसलेल्या आहेत. शब्द अवघड नव्हते. त्यांची आमच्याशी ओळख कोणी करून दिली नाही.

२००९ साली मराठी भाषा दिनासाठी यावल तालुक्यातल्या एका शाळेने मला बोलावले होते. २७ फेब्रुवारी. मी लवकर पोहोचलो, कार्यक्रमाला अवकाश होता, म्हणून मुख्याध्यापकांनी मला एका वर्गात मागे बसवले. विज्ञानाचा तास चालू होता. निवृत्तीला आलेले एक शिक्षक शिकवत होते. त्यांनी फळ्याच्या मधोमध रेघ मारली. उजवीकडे पुस्तकातला शब्द लिहिला आणि डावी बाजू रिकामी ठेवून विचारले, 'तुमच्या घरी याला काय म्हणतात?' आटणं, सुकणं, उडणं, जिरणं. मुले ओरडून सांगत होती. मग वाद सुरू झाला. जिरणं यात बसत नाही, ते पाणी जमिनीत जातं, वर जात नाही, असे एका मुलीने बजावले आणि सरांनी तो शब्द खोडला. शेवटच्या बाकावरच्या पावरा मुलाने आपला शब्द हळूच सांगितला. सरांनी तो दोनदा विचारून घेतला आणि नीट लिहिला. हे कोणत्या शिबिरात शिकलात, असे मी त्यांना नंतर विचारले. ते म्हणाले, 'शिबिर कसलं, साहेब. पोरं गप्प बसायची, मला कंटाळा यायचा.'

तेवढ्यात कार्यक्रमाची घंटा झाली. मी व्यासपीठावर गेलो, माय मराठीवर वीस मिनिटे बोललो, दोन कविता वाचल्या. मुले हाताची घडी घालून अगदी शांत बसली होती.